अंगणवाडीचा मोबाइल कार्यान्वित करताना

पंचायत समितीच्या सभागृहातील मोबाइल वाटपाचा समारंभ संपला होता. भाषणे झाली, छायाचित्रे निघाली, चहापान आटोपले. वृत्तांतासाठी लागणारी चार टिपणे घेऊन मी निघण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात मागच्या रांगेतील एक सेविका बंद खोका तसाच हातात धरून पुढे आली आणि म्हणाली, "साहेब, सही झाली, फोटोही झाला. आता हा चालू कोण करून देणार?" प्रश्न वस्तुतः माझ्यासाठी नव्हता; जवळ उभा असलेला पहिला सरकारी माणूस म्हणून तो माझ्या वाट्याला आला. मी तो भांडारपालांकडे नेला. आपले काम वाटपापुरते आहे, असे त्यांनी नम्रपणे सांगितले. पर्यवेक्षिकाबाईंनी प्रकल्प कार्यालयाकडे बोट दाखविले. प्रकल्प कार्यालयात हे काम जाणणारे एक कंत्राटी सहायक होते. परंतु त्यांच्याकडे दोन तालुक्यांचा कार्यभार होता आणि त्या दिवशी ते दुसऱ्या तालुक्यात होते. दुसऱ्या दिवशी वृत्तांत प्रसिद्ध झाला. 'तालुक्यातील सर्व अंगणवाड्यांत मोबाइल कार्यान्वित' असे त्याचे शीर्षक होते, आणि ते मीच दिलेले होते.

त्यानंतर काही महिने कामानिमित्त निरनिराळ्या गावी अंगणवाड्यांत जाणे झाले. वाटप झालेला मोबाइल आणि कार्यान्वित झालेला मोबाइल यांत किती अंतर असते, हे तेव्हा ध्यानात आले. हे अंतर यंत्रज्ञाच्या करामतीचे फारसे नाही. ते बहुतांशी कार्यालयीन शिस्तीचे आहे. खोका कोणी, कोणत्या क्रमाने उघडावा, क्रमांक कोठे व कसे नोंदवावेत, सिमकार्ड कोणाच्या नावे असावे, सेविका निवृत्त झाली तर यंत्राचे काय करावे, असे हे प्रश्न आहेत. अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना ते समजण्यास अभियंता असण्याची गरज नाही.

नोंदवहीकडून मोबाइलकडे

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आपल्या राज्यात मेळघाटातील धारणी आणि मुंबईतील धारावी येथे या कामाचा आरंभ झाला. आज राज्यात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाडी केंद्रे आहेत. प्रारंभापासूनची चार दशके या केंद्रांचा सारा व्यवहार नोंदवह्यांवर चालला. कुटुंबांची नोंद, लसीकरण, आहारवाटप, मुलांची वजने, गृहभेटी अशा दहा-अकरा नोंदवह्या सेविका आपल्या अक्षरात लिहीत असे आणि महिनाअखेर त्यांचे गोषवारे बीटमार्फत प्रकल्पाकडे जात.

८ मार्च २०१८ रोजी राजस्थानातील झुंझुनू येथे पोषण अभियानाचा प्रारंभ झाला आणि नोंदवहीच्या जागी मोबाइल आला. आरंभी वापरात असलेली संगणकप्रणाली २०२० मध्ये बंद झाली. १ मार्च २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर' हे ॲप लागू झाले. राज्यातील सेविकांच्या हाती तेव्हा २ जीबी स्मृतिक्षमतेची यंत्रे होती व त्यांच्या हमीची मुदत संपत आली होती. नवे ॲप त्यांवर अडखळू लागले. दुरुस्तीचा खर्च कोणी करावयाचा हे ठरेना, आणि ॲपची भाषा मराठी नव्हती. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यात ठिकठिकाणी सेविकांनी हे मोबाइल मोर्चाने नेऊन प्रकल्प कार्यालयांत परत केले. कर्मचाऱ्यांनी आपल्याला मिळालेली सरकारी वस्तू घोषणा देत परत करावी, असा प्रसंग आपल्या प्रशासनाच्या इतिहासात विरळाच म्हणावा लागेल. सेविका नव्या साधनाला विरोध करतात, असा त्याचा अर्थ त्या वेळी काही मंडळींनी लावला. तो मला कधीच पटला नाही. ज्या साधनाची जबाबदारी कोणीच घेत नाही ते आमच्या गळ्यात का, असा त्यांचा साधा प्रश्न होता. पुढे हे ॲप मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाले.

आज या यंत्राचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढलेले आहे. सहा महिने ते तीन वर्षे वयाची बालके, गरोदर स्त्रिया व स्तनदा माता यांना घरपोच आहार देताना लाभार्थीचा, बालकाच्या बाबतीत पालकाचा, चेहरा मोबाइलच्या कॅमेऱ्याने पडताळून पाहण्याची पद्धत १ जुलै २०२५ पासून अनिवार्य झाली. म्हणजे पूर्वी मोबाइल बंद पडला तर नोंद मागे राहत असे. आता आहाराचे पाकीटही अडण्याचा संभव निर्माण झाला आहे. हा आहार २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. मोबाइलची मांडणी नीट झाली की नाही, हा प्रश्न यामुळे केवळ भांडारविभागाचा राहिलेला नाही.

यंत्राची ओळख : पंधरा अंक

एक मोबाइल कामास लागतो तेव्हा तीन ओळखी एकत्र बांधल्या जातात. पहिली यंत्राची, दुसरी सिमकार्डाची आणि तिसरी ते वापरणाऱ्या सेविकेची व तिच्या केंद्राची. या तिन्ही गाठी बरोबर बसल्या तर पुढील काम सुरळीत होते. एक जरी चुकली तर ती महिनोन्‌महिने सापडत नाही.

यंत्राची ओळख म्हणजे त्याचा आयएमईआय क्रमांक. हा पंधरा अंकी असतो. खोक्यावर तो छापलेला असतोच. शिवाय स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश अशी बटणे दाबली की पडद्यावर दिसतो. दोन सिमकार्डांच्या यंत्राला असे दोन क्रमांक असतात आणि दोन्ही नोंदवावे लागतात. खोक्यावरचा क्रमांक आणि पडद्यावरचा क्रमांक जुळतो की नाही, हे खोका सेविकेच्या हाती देण्यापूर्वी पाहावे. गर्दीच्या वाटपात खोक्यांची अदलाबदल होते. मग जडवस्तू संग्रह नोंदवहीत एक यंत्र आणि केंद्रात दुसरेच यंत्र असा प्रकार घडतो. चोरी झाल्यावर पोलिसांकडे दिलेला क्रमांक भलत्याच गावच्या मोबाइलचा निघाल्याचे एक उदाहरण मला ठाऊक आहे.

या क्रमांकाची रचना मात्र मोठी विचारपूर्वक केलेली आहे, आणि गणिताच्या शिक्षकांना ती वर्गात सांगण्याजोगी वाटेल. पहिले चौदा अंक यंत्राचे असून पंधरावा अंक त्या चौदांचा राखणदार होय. डावीकडून मोजता दुसरा, चौथा, सहावा असे चौदाव्यापर्यंतचे सम स्थानांवरील अंक दुप्पट करावेत. दुप्पट दोन अंकी झाली तर त्या दोन अंकांची बेरीज धरावी. विषम स्थानांवरील अंक आहेत तसे घ्यावेत. सर्वांची बेरीज करावी. ती बेरीज पुढील दहाच्या पटीपर्यंत नेण्यास जेवढे कमी पडते तेवढा पंधरावा अंक असला पाहिजे. उदाहरणार्थ, चौदा अंक ४९०१५४२०३२३७५१ असे आहेत. सम स्थानांवरील ९, १, ४, ०, २, ७, १ यांचे ९, २, ८, ०, ४, ५, २ होतात. त्यांची बेरीज ३०. विषम स्थानांवरील ४, ०, ५, २, ३, ३, ५ यांची बेरीज २२. एकूण ५२. साठ होण्यास ८ कमी पडतात, म्हणून पंधरावा अंक ८. लिहिताना एखादाच अंक चुकला तर हा ताळा हमखास बिघडतो. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा बिघडतो. फक्त शून्य आणि नऊ यांची अदलाबदल त्याच्या नजरेतून सुटते. हान्स पीटर लून यांनी ही युक्ती गेल्या शतकाच्या मध्यास योजिली. बँकेच्या कार्डांवरील क्रमांकांनाही ती लागू आहे.

कार्यालयात हे हाताने करावे, असा माझा आग्रह नाही. संगणकातील तक्त्यात हे सूत्र एकदा घालून ठेवले की पुरे. त्या तक्त्याबद्दल मात्र एक इशारा द्यावासा वाटतो. क्रमांक भरण्यापूर्वी तो स्तंभ 'मजकूर' या प्रकारचा करून घ्यावा. तसे न केल्यास संगणक त्याला गणितातील संख्या समजतो, आणि पंधरा अंकी क्रमांक ४.९ आणि पुढे दहाचा चौदावा घात अशा चमत्कारिक रूपात दाखवू लागतो. सिमकार्डावरील क्रमांक तर एकोणीस-वीस अंकी असतो. तो संख्या म्हणून भरला की पंधराव्या अंकानंतरचे सारे अंक शून्य होऊन बसतात व ते पुन्हा मिळत नाहीत. एका जिल्ह्याच्या यादीत शेकडो सिमकार्डांचे क्रमांक ओळीने शून्यांत संपलेले मी पाहिले आहेत. यादी सुबक होती. तिच्यावर तीन सह्याही होत्या.

सिमकार्ड कोणाचे?

दुसरी गाठ सिमकार्डाची. पूर्वी एखादी संस्था आपल्या नावे शेकडो सिमकार्डे एकगठ्ठा घेत असे आणि ती पुढे कोणाच्या हाती गेली हे दूरसंचार कंपनीला कळत नसे. त्यातून गैरव्यवहार वाढल्यामुळे दूरसंचार विभागाने २०२३ मध्ये ही घाऊक जोडणीची पद्धत बंद केली. तिच्या जागी संस्थेसाठी व्यावसायिक जोडणीची पद्धत आणली आणि प्रत्यक्ष वापरणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची ओळख-पडताळणी आवश्यक केली. प्रत्येक सेविकेची कागदपत्रे पडताळल्यावाचून तिचे सिमकार्ड सुरू होत नाही, म्हणून वाटपाच्या वेळापत्रकात त्यासाठी आधीचे काही दिवस राखून ठेवावे लागतात.

दुसरा एक नियम पुष्कळांना अडचणीत टाकतो. सिमकार्ड हरवले वा खराब झाले म्हणून त्याच क्रमांकाचे नवे कार्ड घेतले तर पहिले २४ तास त्यावर लघुसंदेश येत-जात नाहीत. फसवणूक टाळण्यासाठी २०२२ मध्ये घातलेले हे बंधन आहे. ते योग्यच आहे. पण ॲपमध्ये प्रवेश करावयाचा तर ओटीपी लघुसंदेशानेच येतो. सकाळी नवे सिमकार्ड आणि दुपारी प्रशिक्षण अशी आखणी केली की दुपारभर सर्वजण पडद्याकडे पाहत बसतात, आणि 'रेंज नाही' असा निष्कर्ष काढून घरी जातात.

सिमकार्डाला गुप्तांक ठेवला असेल तर तीन चुका झाल्यावर ते बंद होते व उघडण्याचा दुसरा अंक मागते. तो दहा वेळा चुकला की कार्ड कायमचे निकामी. हा दुसरा अंक ज्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर छापलेला असतो ती पट्टी सिमकार्ड काढून घेतल्यावर बहुतेक ठिकाणी चहाच्या कपांबरोबर कचऱ्यात जाते. ती पाकिटात घालून यंत्राच्या कागदपत्रांना जोडून ठेवावी.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे ॲपशी कोणता क्रमांक जोडला जातो ती. सरकारी सिमकार्ड वेळेवर सुरू झाले नाही, म्हणून 'तूर्त घरचा नंबर द्या' असे सांगितले जाते. घाटाखालच्या एका वाडीत सेविकाताईंनी असा मुलाचा क्रमांक दिला होता. पुढे मुलगा चाकणला कामाला गेला. ॲपमधून बाहेर पडण्याची वेळ आली की ताई त्याला फोन लावीत आणि तो कारखान्यातल्या सुटीत ओटीपी वाचून दाखवी. रात्रपाळी असली की अंगणवाडीची नोंद दुसऱ्या दिवशी. त्या मुलाने दोन वर्षे हे काम एका शब्दाने कुरकुर न करता केले, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु तात्पुरता दिलेला क्रमांक बदलून घेण्याची आठवण कोणाच्याही नोंदवहीत नव्हती.

खोका उघडण्याचा क्रम

आता यंत्राच्या प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. एकाच कार्यालयाची शेकडो यंत्रे असतील तर ती एका मध्यवर्ती व्यवस्थापन-प्रणालीखाली ठेवण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आहे. त्यायोगे आवश्यक ॲप दूरवरून चढविता येते, नको ती ॲप रोखता येतात, आणि यंत्र हरवल्यास त्यातील माहिती पुसता येते. मात्र या प्रणालीला यंत्राचा संपूर्ण ताबा द्यावयाचा असेल तर ते कोरे असावे लागते; म्हणजे कारखान्यातून आले तसे, स्वागताच्या पहिल्या पडद्यावर उभे. त्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा टिचकी मारली की क्यूआर संकेत वाचणारी खिडकी उघडते. कार्यालयाने दिलेला संकेत तिच्यासमोर धरला की पुढील मांडणी बहुतांशी आपोआप होते. त्यासाठी वायफाय मात्र हवे.

अडचण होते ती उत्साहामुळे. खोका हाती पडला की कोणीतरी हौशीने तो उघडतो, भाषा निवडतो, आपले गूगल खाते घालतो, घरच्यांचा फोटो काढून पाहतो. हे एकदा झाले की यंत्र कोरे राहत नाही. मग सारे पुसून पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते. म्हणून वाटपापूर्वी, शक्यतो प्रकल्प कार्यालयातच, पंचवीस-तीस यंत्रांचे गट करून मांडणी पुरी करावी व मगच समारंभ करावा. समारंभात सेविकेला बंद खोक्याऐवजी चालू यंत्र मिळाले तर छायाचित्र काही वाईट येत नाही.

साठवणुकीचाही येथे संबंध येतो. लिथियमची बॅटरी पूर्ण रिकामी होऊन महिनोन्‌महिने पडून राहिली तर खराब होते. खोकी भांडारात ठेवावयाची असतील तर बॅटरी निम्मीअधिक भरलेली असावी आणि दर दोन-तीन महिन्यांनी तपासली जावी. दीर्घकाळ बंद असलेले यंत्र चालू केल्यावर त्याची तारीख मागे पडलेली असण्याचा संभव असतो. तारीख चुकीची असेल तर ॲप सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करीत नाही आणि पडद्यावर अगम्य सूचना येते. अशा वेळी दुरुस्तीचे दुकान गाठण्यापूर्वी तारीख व वेळ 'आपोआप' या पर्यायावर आहे की नाही, एवढे पाहावे.

यानंतरच्या बाबी लहान आहेत, पण रोजच्या कामात त्याच जाचतात. यंत्राची भाषा आणि ॲपची भाषा वेगवेगळी निवडावी लागते. एक मराठी केली म्हणून दुसरी होत नाही. कॅमेरा व स्थान यांची परवानगी ॲपला द्यावी लागते. गडबडीत 'नको' म्हटले गेले तर चेहरा-पडताळणीच्या दिवशी कॅमेरा उघडत नाही. व्हॉट्सॲपवर येणारी चित्रे आपोआप उतरविण्याची सोय बंद ठेवावी. सुप्रभाताच्या फुलांनी यंत्राची जागा भरून गेल्यामुळे नवी आवृत्ती चढत नसल्याचे मी एकाहून अधिक केंद्रांत पाहिले. पडद्याला गुप्तांक ठेवावा. तो यंत्राच्या पाठीवर चिकटपट्टीने लिहून ठेवू नये.

केंद्रातील पहिली नोंद

कार्यालयात सुरू झालेला मोबाइल गावात गेल्यावर सुरू राहतोच असे नाही. माझ्या मते 'कार्यान्वित' हा शब्द वापरण्यास एकच कसोटी असावी. सेविकेने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या केंद्रात बसून एका खऱ्या बालकाचे वजन व उंची नोंदवावी आणि ती नोंद प्रकल्प कार्यालयातील पर्यवेक्षिकेला दिसावी. तोपर्यंत यंत्र 'वाटप झालेले' एवढेच म्हणावे. ही कसोटी लावल्यास अहवालातील टक्केवारी पहिल्या महिन्यात खाली येईल, हे मला ठाऊक आहे. यापूर्वी तशी टक्केवारी लिहून देणाऱ्यांत मीही होतो.

ही पहिली नोंद पर्यवेक्षिकेच्या उपस्थितीत व्हावी. त्या वेळी रेंजची पाहणीही होऊन जाते. डोंगराळ भागात अंगणवाडीच्या खोलीत रेंज नसते, पण शाळेच्या ओट्यावर किंवा देवळाच्या पायरीवर मिळते. जागा कोठे आहे हे सेविकेला आधीच ठाऊक असते. ते कागदावर आणावयाचे असते, एवढेच. दिवसा नोंद करून ठेवून रेंजमध्ये आल्यावर ती पुढे पाठविणे जेथे शक्य असेल तेथे तसे शिकवावे, आणि 'पाठविले गेले' ही खूण पाहिल्याखेरीज काम संपले असे समजू नये, हेही सांगावे.

चेहरा-पडताळणीचे तंत्र थोडे वेगळे आहे. दारात पाठमोऱ्या उजेडात माता उभी असेल तर तिचा चेहरा काळवंडून दिसतो व पडताळणी फसते. उजेड चेहऱ्यावर पडेल असे उभे करावे, भिंग मऊ कापडाने पुसावे. अंगणवाडीत पीठ व धूळ कायम असते. अर्ध्या तक्रारी पुसलेल्या भिंगाने मिटतात, असे एका अनुभवी पर्यवेक्षिकेने मला सांगितले. खरी अडचण आधारशी जोडलेल्या क्रमांकाची आहे. लाभार्थीची प्रथम ओळख-नोंद करताना ओटीपी तिच्या आधारशी जोडलेल्या क्रमांकावर जातो. तो क्रमांक पतीचा असतो, पती ऊसतोडीला गेलेला असतो, किंवा क्रमांक केव्हाच बंद पडलेला असतो. येथे सेविकेचा मोबाइल कितीही उत्तम असला तरी उपयोग नाही. अशा स्त्रियांची यादी करून आधार केंद्रात त्यांचा क्रमांक अद्ययावत करून देण्याची मोहीम गावपातळीवर घ्यावी लागते, आणि ग्रामपंचायत अधिकारी, सरपंच व सदस्य यांचे साहाय्य त्यासाठी अत्यंत मोलाचे आहे. तोवर यंत्राने नकार दिला म्हणून गरोदर स्त्रीला रिकाम्या हाती परत पाठविणे कोणत्याही प्रकारे समर्थनीय ठरणार नाही. अशा प्रसंगी आहार देऊन वहीत सही घ्यावी आणि त्याच दिवशी पर्यवेक्षिकेला लेखी कळवावे, अशी स्पष्ट सूचना प्रत्येक प्रकल्पाने आपल्या सेविकांना दिली तर त्यांच्या मनावरील ओझे पुष्कळ हलके होईल. आज लाभार्थी स्त्रीच्या समोर उभे राहून 'मोबाइल नाही म्हणतो' असे सांगण्याची पाळी सेविकेवर येते. ऐकणारी स्त्री मोबाइलवर रागावत नाही, ताईवर रागावते.

यंत्र परत येते तेव्हा

सेविका निवृत्त होते, बदलते, क्वचित मृत्यू पावते. यंत्र परत येते. या प्रसंगाचा विचार वाटपाच्या दिवशीच केला पाहिजे, हे पुढील हकिकतीवरून दिसेल.

एका केंद्रातील सेविका वयोमानाने निवृत्त झाल्या. त्यांनी मोबाइल, चार्जर व खोका नीट गुंडाळून जमा केला. नव्या ताईंना तो देताना प्रकल्पातील कोणीतरी बाजूची बटणे दाबून तो पूर्ण पुसला. चालू केल्यावर यंत्र जुने गूगल खाते व त्याचा परवलीचा शब्द मागू लागले. २०१५ पासून अँड्रॉइडमध्ये हे संरक्षण आहे. चोराने मोबाइल पुसून वापरू नये यासाठी ते घातलेले आहे. निवृत्त ताईंना खाते आठवेना. चौकशीअंती कळले की ते खाते आठवडे बाजारातील दुकानदाराने काढून दिले होते, परवलीचा शब्द त्याने ठरविला होता आणि खाते परत मिळविण्यासाठीचा क्रमांकही त्याचाच होता. दुकान मध्यंतरी बंद झाले होते. तो मोबाइल सहा आठवडे कपाटात पडून राहिला. नव्या ताई त्या काळात साऱ्या नोंदी शाळेच्या जुन्या वहीत करीत होत्या, आणि त्या वहीतील एकशे दहा नावे पुढे त्यांनी एकट्याने दोन रविवारी ॲपमध्ये चढविली. त्यांच्या केंद्राचे त्या महिन्याचे काम मात्र अहवालात शून्य दिसले, आणि त्याचा खुलासा त्यांच्याकडूनच मागविण्यात आला.

हे टाळण्याची रीत सोपी आहे. सरकारी यंत्रावरील खाते कार्यालयाने काढून द्यावे. त्याचा परवलीचा शब्द व पर्यायी क्रमांक प्रकल्प कार्यालयातील मोहोरबंद पाकिटात असावा. यंत्र जमा करताना प्रथम सेटिंगमध्ये जाऊन खाते काढावे, नंतर तेथूनच यंत्र पुसावे. बाहेरची बटणे दाबून पुसू नये. व्यवस्थापन-प्रणाली व ॲप या दोन्ही ठिकाणी त्या केंद्राचा क्रमांक बदलून घ्यावा. हे सर्व झाल्याची नोंद पोचपावतीवर असावी, आणि ती पोच निवृत्त होणाऱ्या सेविकेला द्यावी. तिचे देय याच कागदावाचून अडलेले असते.

यंत्र चोरीस गेले तर पोलिसांत तक्रार देऊन तिची प्रत घ्यावी, त्याच क्रमांकाचे नवे सिमकार्ड घ्यावे आणि 'संचार साथी' या केंद्र शासनाच्या व्यवस्थेवर आयएमईआय क्रमांक नोंदवून यंत्र बंद करवून घ्यावे. ही सोय मे २०२३ पासून देशभर उपलब्ध आहे. तिचा पहिला प्रयोग सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत झाला होता. बंद केलेले यंत्र देशातील कोणत्याही कंपनीच्या सिमकार्डावर चालत नाही आणि सापडल्यावर ते पुन्हा सुरू करता येते. पंधरा अंकांचा ताळा आधीच पाहून ठेवला असेल तर हे काम लवकर होते. ओटीपी सांगून पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

एक गोष्ट सेविकांना स्पष्टपणे सांगितली जात नाही, ती सांगावी असे मला वाटते. व्यवस्थापन-प्रणालीखालील मोबाइलमध्ये कार्यालयाला काय दिसते आणि काय दिसत नाही, हा त्यांच्या मनातील मोठा प्रश्न आहे. आपले बोलणे साहेब ऐकतात का, आपण दुपारी कोठे होतो हे कळते का, असे त्या आपापसांत विचारतात. मांडणीप्रमाणे यंत्राचे स्थान कार्यालयाला दिसू शकते. संभाषण ऐकू जाणे हे या व्यवस्थेचे काम नाही. नेमके काय नोंदले जाते ते मराठीत एका पानावर लिहून प्रत्येकीच्या हाती द्यावे. दुसऱ्या बाजूने, त्या यंत्रात गावातील माता-बालकांची नावे, वजने, चेहरे व आधारची माहिती असते. व्यक्तिगत विदेच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झालेला आहे. मोबाइल घरी मुलांच्या खेळण्यात जाऊ नये, कुपोषित बालकाचे छायाचित्र गटावर टाकले जाऊ नये, ही काळजी सेविकेने घ्यावयाची आहे. आणि तिने ती घ्यावी अशी अपेक्षा असेल तर तेच छायाचित्र तिच्याकडून व्हॉट्सॲपवर मागविणाऱ्या वरिष्ठांनीही ती घेतली पाहिजे.

समारंभाच्या दिवशी मला प्रश्न विचारणाऱ्या त्या सेविकेच्या केंद्रात मी पुढे गेलो होतो. मोबाइल चालू होता. गावातील शाळेच्या गुरुजींनी एका संध्याकाळी बसून तो लावून दिला होता. सिमकार्ड त्यांनी स्वतःच्या नावाचे घातले होते, कारण सरकारी सिमकार्ड तेव्हा सुरू झालेले नव्हते. गुरुजींची बदली येत्या मे महिन्यात होणार होती. ताईंनी ते मला हसत हसत सांगितले. मी वहीत त्या केंद्राचे नाव लिहून घेतले आणि परत येताना प्रकल्प कार्यालयात उतरून क्रमांक बदलण्याचा अर्ज कोणाकडे द्यावयाचा, याची चौकशी केली.